माजी सैनिकांचा आमदार आणि त्याच्यामागे राहिलेले कागद

अमेरिकेतल्या राज्य पुराभिलेखागारांच्या किंवा विद्यापीठ ग्रंथालयांच्या सूच्या चाळल्या की एका प्रकारची नोंद पुन्हा पुन्हा भेटते. राज्याच्या विधिमंडळातला एखादा सदस्य, म्हणजे आपल्या भाषेत आमदार. त्याची कारकीर्द कधीपासून कधीपर्यंत, मुख्य विषय माजी सैनिक, आणि शेवटी कागदांचं मोजमाप, बहुतेकदा घनफुटांत. राष्ट्राध्यक्षांची आणि सेनापतींची पत्रं उपलब्ध असताना एका राज्याच्या आमदाराचा पत्रव्यवहार कोण उघडणार, असं वाटून वाचणारा पुढे सरकतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. लढाई संपवून घरी आलेल्या साध्या सैनिकाचं पुढे काय झालं, हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याने आधी या कागदांच्या बॉक्सकडेच जावं.

पहिला प्रश्न साहजिक आहे. सैन्य केंद्र सरकारचं, पेन्शन केंद्राची, मोठी रुग्णालयंही केंद्राच्या माजी सैनिक खात्याची. मग यात राज्याचा आमदार आला कुठून?

सैनिक लढतो देशासाठी, पण परत येतो तो एका गावात. त्याला घर हवं असतं, नोकरी हवी असते, मालमत्ता कर भरायचा असतो, मुलांची फी भरायची असते आणि म्हातारपणी कुणीतरी सांभाळायला लागतं. हे सगळे विषय राज्याच्या हातातले. आपल्याकडेही जवान भारत सरकारचा असला, तरी निवृत्तीनंतर त्याला किंवा वीरपत्नीला ज्या कार्यालयात खेटे घालावे लागतात ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारचंच असतं. अमेरिकेत ही वाटणी फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने यादवी युद्ध सुरू झालं त्याच वर्षी, १८६१ मध्ये, रणांगणावर गेलेल्या स्वयंसेवकांच्या कुटुंबांना मदत द्यायला सुरुवात केली. त्या व्यवस्थेतूनच आजची तिथली पद्धत वाढली: प्रत्येक शहरा-गावात माजी सैनिकांसाठी एक अधिकारी असतो, गरजू सैनिकाला गाव पैसे देतं आणि त्यातले ७५ टक्के राज्य गावाला परत करतं. यादवी युद्धातले सैनिक म्हातारे होऊ लागले तेव्हा राज्याराज्यांनी त्यांच्यासाठी निवासगृहं बांधली. केंद्राने १८८८ मध्ये त्यात हातभार लावायचं ठरवलं, तो दर सैनिकामागे वर्षाला १०० डॉलर. पहिल्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाने १९२१ मध्ये परतलेल्या सैनिकांना शेत आणि घर घेण्यासाठी कर्ज योजना काढली. ती अजून चालू आहे.

यातली प्रत्येक गोष्ट कायद्याने झाली. तो कायदा कुणीतरी मांडला, कुणीतरी त्यासाठी बैठका घेतल्या, अर्थखात्याशी भांडण केलं, दुरुस्त्या गिळल्या. हा ‘कुणीतरी’ म्हणजे विधिमंडळाच्या माजी सैनिक समितीवर वर्षानुवर्षं बसलेला तो आमदार. अनेकदा तो स्वतः लढाईवर जाऊन आलेला असतो.

एका विधेयकाची फाइल

अशा आमदाराच्या कागदांचा कणा असतो विधेयकांच्या फायली. विधेयकागणिक एक फाइल. तिच्यात पहिला कच्चा मसुदा असतो, त्यावर पेन्सिलीने केलेले फेरफार असतात, सैनिक संघटनांची पाठिंब्याची पत्रं, विरोध करणाऱ्या खात्यांची टिपणं, समितीपुढच्या सुनावणीची साक्षीदारांची यादी आणि ‘खर्च किती येईल’ याचा अंदाज देणारा कागद. हा शेवटचा कागद मला सगळ्यांत बोलका वाटतो. सैनिकांना काही द्यायला उघडपणे ‘नाही’ म्हणणारा आमदार विरळा. खरा वाद पैशांवर होतो, आणि तो या कागदाच्या समासात दिसतो.

टेक्ससचं उदाहरण घ्या. माजी सैनिकांना राज्याच्या विद्यापीठांत फीमाफी देण्याची तिथली पद्धत १९२० च्या दशकातली. १९४० च्या दशकात राज्याच्या सिनेटमधल्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातल्या, ग्रेडी हेझलवुड यांनी ती वाढवली आणि कायद्याला त्यांचंच नाव मिळालं. आज या सवलतीत १५० क्रेडिट तासांपर्यंतची (क्रेडिट तास हे तिथलं अभ्यासक्रम मोजायचं माप) फी माफ होते, म्हणजे पदवी पूर्ण होऊन वर काही उरतं. २००९ मध्ये विधिमंडळाने त्यात एक भर घातली: सैनिकाने स्वतः न वापरलेले तास त्याच्या मुलाला देता येतील. कल्पना मायेची होती. पण लाभ घेणाऱ्यांची संख्या आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. ही बुडालेली फी मुख्यतः विद्यापीठांच्या माथी बसते, कारण राज्य तिची भरपाई थोडीच करतं. २०१५ मध्ये विधिमंडळात सवलतीला कात्री लावायचा प्रयत्न झाला. सैनिकांच्या कुटुंबांनी विरोध केला आणि तो फसला. आता हा सगळा प्रवास समजून घ्यायचा तर कायद्याचं पुस्तक काय सांगेल? दोन तारखा आणि चार कलमं. २००९ मध्ये खर्चाचा अंदाज कुणी मांडला, कुणी शंका काढली, ती का बाजूला सारली गेली, हे सगळं राहतं ते फायलीत.

शिवाय पडलेली विधेयकं असतात. कुठल्याही राज्यात मांडलेल्या विधेयकांपैकी बरीच समितीतच विरून जातात. कायद्याच्या पुस्तकात त्यांचा मागमूस नसतो. आमदाराच्या दप्तरात मात्र त्यांचीही फाइल असते, आणि समाजाने सैनिकांना काय नाकारलं ते तिच्यातून कळतं.

इथे एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात घेतलीच पाहिजे. आपल्या विधानसभेत आणि विधान परिषदेत जे बोललं जातं ते शब्दशः टिपून छापलं जातं, त्यामुळे कायदा करताना सभागृहात काय चर्चा झाली हे शोधता येतं. अमेरिकेच्या केंद्रीय काँग्रेसचंही, म्हणजे तिथल्या संसदेचंही, तसंच. पण तिथल्या बहुतेक राज्यांच्या विधिमंडळांत शब्दशः अहवाल छापायची प्रथाच नाही. पेनसिल्व्हेनिया, मेन, कनेक्टिकट अशी काही राज्यं अपवाद. बाकी ठिकाणी छापील इतिवृत्तात ठराव, दुरुस्त्या आणि मतांचे आकडे मिळतात. कोण काय म्हणालं ते नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या राज्य पुराभिलेखागारात विधेयक मांडणाऱ्या सदस्याच्या फायली वाचायला इतिहासकारांबरोबर वकीलही येतात. कायद्यातल्या एखाद्या शब्दाचा हेतू काय होता यावर न्यायालयात वाद पडला, की त्यांना तो हेतू कागदावर दाखवावा लागतो.

हेतू आणि परिणाम: फीनी खटला

हेतू म्हणजे काय, यावर माजी सैनिकांच्याच एका कायद्याने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७९ मध्ये विचार करायला लावलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी नोकरीत माजी सैनिकांना सरसकट प्राधान्य होतं. परीक्षेत उत्तीर्ण झालेला माजी सैनिक, मग गुण कितीही असोत, यादीत बिगरसैनिकाच्या वर जाई, आणि हा हक्क त्याला जन्मभर मिळे. त्या पद्धतीचं मूळ १८९६ च्या कायद्यात. हेलन फीनी या राज्य सरकारच्या नोकरीत होत्या. १९७१ मध्ये दंतवैद्यक परीक्षक मंडळातल्या एका जागेसाठी त्यांना परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळाले, पण पाच माजी सैनिक पुरुष त्यांच्या पुढे गेले आणि त्या सहाव्या ठरल्या. १९७३ मध्ये दुसऱ्या एका जागेसाठी त्या १२ माजी सैनिकांच्या मागे पडल्या. त्यांतल्या ११ जणांचे गुण त्यांच्यापेक्षा कमी होते. राज्यातल्या माजी सैनिकांत ९८ टक्क्यांहून अधिक पुरुष. त्याचं कारणही कायद्यातच होतं: १९४८ पासून १९६७ पर्यंत अमेरिकी सैन्यात स्त्रियांची संख्या २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी अशी मर्यादा होती. आधी स्त्रियांना सैन्यात जाऊ द्यायचं नाही आणि मग सैन्यात गेला नाहीत म्हणून नोकरीत मागे ठेवायचं, असं ते चक्र होतं.

फीनी यांनी या कायद्याविरुद्ध खटला भरला. खालच्या न्यायालयात त्या जिंकल्या. सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी हरल्या. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिला. त्याचा गाभा असा: कायद्याने स्त्रियांचं नुकसान होईल हे विधिमंडळाला ठाऊक होतं, एवढं पुरेसं नाही. ते नुकसान व्हावं या उद्देशाने कायदा केला, असं दाखवावं लागेल. न्यायमूर्ती थरगूड मार्शल आणि विल्यम ब्रेनन यांनी विरोधी मत नोंदवलं. मला त्यांचं मत जास्त पटतं, पण कागदपत्रांच्या दृष्टीने बहुमताचा निकालच महत्त्वाचा ठरला. कायद्याचा परिणाम आकड्यांनी दाखवता येतो; उद्देश दाखवायला मात्र कायदा करणाऱ्यांचे कागदच लागतात. त्या कायद्यात एक तपशील होता: सुरुवातीपासून १९७१ पर्यंत, खास स्त्रियांसाठी मागवलेल्या जागांना सैनिक-प्राधान्य लागू नव्हतं. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. विधिमंडळाला स्त्रियांची काळजी होती म्हणावं, की कारकुनी जागा तेवढ्या त्यांच्या आणि बाकी आपल्या असं त्यांनी गृहीत धरलं होतं म्हणावं? अशा वेळी त्या त्या वर्षीच्या समिती-सदस्यांची टिपणं किती मोलाची ठरतील, याचा विचार करा.

पत्रं

विधेयकांच्या फायली वकिलांना हव्या असतात. मला विचाराल तर या दप्तरांचं खरं काळीज पत्रांच्या मालिकेत आहे. मतदारसंघातल्या माणसांनी आपलं काम व्हावं म्हणून आमदाराला लिहिलेली पत्रं आणि त्यावर आमदाराच्या कार्यालयाने केलेला पाठपुरावा, असं सगळं तिथे असतं. पेन्शनचा अर्ज दोन वर्षं अडलाय. नवऱ्याचा सेवेचा दाखला सापडत नाही. निवासगृहात जागा मिळत नाही. या पत्रांत भाषा साधी असते आणि दुःख उघडं असतं.

व्हिएतनामच्या काळातली पत्रं वाचताना एक तारीख ध्यानात ठेवावी. युद्धातल्या आघाताने होणाऱ्या मानसिक विकाराला, ज्याला आज पीटीएसडी म्हणतात, अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत १९८० मध्ये स्थान दिलं. त्याआधी लिहिणाऱ्या सैनिकाकडे किंवा त्याच्या आईकडे हे नावच नव्हतं. त्यामुळे सूचीत ‘पीटीएसडी’ शोधून त्या काळातलं फारसं हाती लागणार नाही. ‘मज्जातंतू’, ‘दारू’, ‘नोकरी टिकत नाही’ अशा नोंदींखाली ती माणसं शोधावी लागतात. रासायनिक फवारणीचंही तसंच. अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनाममध्ये सुमारे २ कोटी गॅलन तणनाशकं फवारली. त्यांत एजंट ऑरेंज सर्वांत जास्त. त्यातल्या डायॉक्सिन या विषारी रसायनामुळे होणाऱ्या आजारांबद्दलचा केंद्राचा कायदा यायला १९९१ उजाडलं. टेक्सस आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांनी त्याच्या सुमारे दहा वर्षं आधी स्वतःच्या योजना आणि आयोग उभे केले. राज्यं आधी का हलली? कारण आजारी माणूस आधी जवळच्या आमदाराला लिहितो. या आपत्तीतला सर्वांत मोठा वाटा व्हिएतनामी जनतेच्या पदरी पडला, हेही इथेच सांगितलं पाहिजे. अमेरिकी आमदाराच्या बॉक्समध्ये त्यांचा आवाज नसतो.

आता एक आग. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसजवळच्या राष्ट्रीय सेवा-अभिलेख केंद्राच्या सर्वांत वरच्या, सहाव्या मजल्याला आग लागली. ती पूर्ण विझायला चार दिवस लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या सेवा-फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९५९ या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या, म्हणजे दोन्ही महायुद्धं आणि कोरियाचं युद्ध लढलेली माणसं कागदावरून पुसली गेली. प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, काय काय होतं त्याची सूचीही नव्हती. आणि पेन्शन, उपचार, दफनाचा मान, सगळं काही त्या फायलीवर अवलंबून.

मग पुरावे इतरत्र शोधायची वेळ आली: पगारपत्रकं, तुकड्यांचे रोजचे अहवाल. यात राज्यांच्या जुन्या कायद्यांचा अनपेक्षित उपयोग झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक राज्यांनी आपल्या सैनिकांना एकरकमी बोनस दिला होता. पेनसिल्व्हेनियात तो जास्तीत जास्त ५०० डॉलर होता, आणि त्यासाठी सैनिकाने सेवेच्या तारखा, तुकडी, परदेशातला काळ असं सगळं भरून अर्ज केला होता. ते अर्ज राज्य पुराभिलेखागारात जपले गेले. ज्या आमदारांनी बोनसचा कायदा केला त्यांच्या डोक्यात फक्त पैसे होते. नकळत त्यांनी लाखो सैनिकांच्या सेवेची दुसरी नोंद तयार करून ठेवली. आमदारांच्या पत्रव्यवहारातही अशीच शक्यता असते, कारण मदत मागणारा माणूस बहुतेकदा पत्राला दाखल्याची प्रत जोडतो. मूळ जळालेलं असताना ती प्रत एखाद्या कुटुंबासाठी सर्वस्व असू शकते.

मग हे सगळं कुणालाही वाचता येतं का?

नाही, आणि येऊ नये. अमेरिकी लष्कर आणि हवाई दलाने १ जुलै १९६९ पासून सैनिकाचा सेवा क्रमांक म्हणून त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांकच वापरायला सुरुवात केली. नौदल आणि मरीन दल १९७२ मध्ये त्याच वाटेने गेलं. आपल्याकडे आधार क्रमांक कुणी उघड्यावर टाकावा, तसं ते झालं. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक पत्रावर नावापाठोपाठ तो क्रमांक असतो, आणि वर आजारपण, घटस्फोट, व्यसन यांचा मजकूर. लिहिणाऱ्याने ते आमदाराला विश्वासाने सांगितलेलं असतं, जगाला नव्हे. म्हणून वैयक्तिक पत्रांची मालिका अनेक संस्था ठरावीक दशकं बंद ठेवतात, किंवा नाव कुठेही वापरणार नाही अशा लेखी हमीवर अभ्यासकाला दाखवतात. अभ्यासकांना याचा त्रास होतो. तरीही हे बंधन मला योग्य वाटतं, कारण ज्याने आपली जखम दाखवून मदत मागितली त्याची परवानगी कुणीच घेतलेली नसते.

दप्तर वाचायचं कसं, तेही थोडक्यात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जसे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तसे इथे आम्लविरहित पुठ्ठ्याचे बॉक्स आणि त्यांत फोल्डर. पुराभिलेखपाल आधी गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा काढतात, उडत चाललेल्या फॅक्सच्या कागदांच्या प्रती करतात. पण कागदांचा क्रम ते होईल तितका बदलत नाहीत. आमदाराच्या चिटणिसाने पत्रं गावाप्रमाणे लावली असतील तर ती तशीच राहतात, कारण तो क्रम म्हणजे त्या कार्यालयाची काम करायची रीत, आणि तीही पुरावा असते. सोबत एक मार्गदर्शक सूची असते: सदस्याचा परिचय, संग्रहात काय आहे, किती मालिका, काय बंद आहे, आणि शेवटी बॉक्सगणिक फोल्डरांची यादी. नवखा वाचक थेट यादीवर उडी मारतो. आधी परिचय वाचावा. सदस्य कुठल्या वर्षी कुठल्या समितीवर होता हे कळलं, की कुठल्या वर्षाचा बॉक्स जड असणार हे आपोआप कळतं.

हे कागद मुळात संस्थेपर्यंत पोचतात की नाही, हा मात्र बराचसा नशिबाचा भाग. केंद्रीय काँग्रेसमध्ये समितीचे कागद संस्थेचे आणि सदस्याच्या कार्यालयातले कागद त्याच्या मालकीचे, अशी रीत आहे. राज्याराज्यांत नियम वेगवेगळे. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत, पगार वर्षाला १०० डॉलर, आणि सामान्य सदस्याला कार्यालय नाही. त्याचे कागद त्याच्या घरच्या टेबलावर असतात. टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांसाठी बसतं; सदस्य आपापल्या गावी वकिली, शेती, दुकान सांभाळतात. निवडणूक हरली की कार्यालय झटपट रिकामं करायचं असतं, आणि माणूस गेला की निर्णय मुलांवर येतो. एखाद्या ग्रंथपालाने वेळेवर फोन केला, देणगीपत्रावर सही झाली, तर कागद वाचतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तर पत्रांची जागा ईमेलने घेतली आहे. ते खातं बंद झालं की रद्दीवाल्याकडे जायलाही काही उरत नाही.

आपल्या महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर अशा जिल्ह्यांत घराघरांतून सैनिक गेले. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर त्यामुळेच ओळखलं जातं. तिथल्या आमदारांकडे, जुन्या जिल्हा परिषद सदस्यांकडे, सैनिक संघटनांच्या कार्यकर्त्यांकडे अडलेल्या पेन्शनची आणि जमिनीच्या अर्जांची किती पत्रं आली असतील! सभागृहातली त्यांची भाषणं छापलेली मिळतात, पण ही पत्रं कुठल्या छापील खंडात नाहीत. असतील तर माळ्यावर, लोखंडी कपाटात, आणि वाळवी लागायच्या बेतात. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्यात खासगी व्यक्तींकडून ऐतिहासिक मोलाचे कागद देणगी म्हणून स्वीकारायची तरतूद आहे. राज्याचा पुराभिलेख विभाग मुंबईत आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, विद्यापीठांची ग्रंथालयं आहेत. ज्यांच्या घरी असे गठ्ठे आहेत त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी यांतल्या एखाद्या ठिकाणी विचारावं. विचारताना तीन गोष्टी सांगता आल्या तर काम सोपं होतं: कागद कुणाचे, साधारण कुठल्या वर्षांतले, आणि त्यांत इतरांची खासगी पत्रं किती. आणि देण्याआधी गठ्ठे सोडून ते विषयवार लावायचा मोह टाळावा; ते जसे बांधलेले आहेत तसेच द्यावेत.